पटावरची पंचविसावी ओळ

चैत्रातल्या मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता सुमन गेली. त्या दिवशी दुपारी तीन वाजता तिला आळेफाट्याच्या शाखेत गणिताचा तास घ्यायचा होता. फळ्यावर लिहून द्यायच्या तीन उदाहरणांचा कागद तिच्या पिशवीत होता. तास झाला नाही.

संपादकांनी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आणि मी बायकोपासून सुरुवात केली. दोन-तीन कागद फाडून पाहिले. दुसरीकडून सुरुवात होत नाही.

काम असं होतं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या मंडळाची कॉलेजच्या मुलांसाठी सहा वसतिगृहं आहेत. आम्ही त्यांना शाखा म्हणतो. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर आणि घोडेगाव. वसतिगृह म्हटलं की लोकांना रेक्टर आणि त्याची शिट्टी आठवते. आमच्याकडे रेक्टर नाही. शाखा मुलंच चालवतात. वर्षाच्या सुरुवातीला आपल्यातला एक कारभारी निवडतात, झाडलोट वाटून घेतात, भाजी आणतात. शाखेत राहणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांना भाऊ म्हणायचं, मग समोरचा कुठल्याही गावचा, कुठल्याही घरचा असो. मंडळ इमारत देतं आणि बदल्यात अभ्यास मागतं. तो होतो की नाही हे बघायला एक माणूस नेमलेला असतो, त्याला अभ्यास-तपासनीस म्हणतात. एकवीस वर्षं तो मी होतो. त्याआधी हायस्कूलमध्ये ग्रंथपाल होतो. पोरांना दरडावणं मला दोन्हीकडे जमलं नाही. नोंदी ठेवणं जमायचं.

दर सहामाहीचा निकाल लागला की शाखेच्या पटावर असलेल्या प्रत्येकाचे गुण मी कॉलेजातून आणायचो, त्यांची सरासरी काढायचो आणि ती सगळ्या कॉलेजच्या सरासरीशी ताडून बघायचो. शाखा एकदा खाली गेली तर पत्र जाई. दुसऱ्यांदा गेली तर देखरेख, म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांनी एका खोलीत अभ्यासाला बसायचं, हजेरीच्या तक्त्यावर सह्या करायच्या, आणि त्या वर्षी शाखेत गणपती बसवायचा नाही. तिसऱ्यांदा गेली तर कुलूप. मुलं बाकीच्या पाच शाखांत जागा असेल तिथे वाटून द्यायची.

लोक विचारायचे, एकेका मुलाला का धरत नाही, सगळ्या शाखेला का? एकट्याला धरलं की तो एकटा पडतो. सगळ्यांना मिळून धरलं की सगळे मिळून त्याला उचलतात, असं मंडळ काढणाऱ्यांना वाटलं होतं. त्यासाठीच त्यांनी जोडी नावाची पद्धत घातली होती. ज्याचा विषय राहिला त्याला वरच्या वर्गातला एक भाऊ जोडीदार मिळे. दोघांची वही एक. डाव्या पानावर एकानं उदाहरण सोडवायचं, उजव्या पानावर दुसऱ्यानं चूक कुठे झाली ते लिहायचं. निकालाच्या बैठकीत नावं पुकारली जात ती दोघांची. कच्चा भाऊ नापास झाला की त्याच्या शेजारी जोडीदारानंही उभं राहायचं. चांगले पंचाहत्तर टक्के मिळवलेला मुलगा दुसऱ्याच्या इंग्रजीसाठी मान खाली घालून उभा राहिलेला मी पाहिला आहे. पुढच्या खेपेला ते इंग्रजी सुटलंच.

गमतीही झाल्या. घोडेगावची शाखा एकदा देखरेखीत होती. महिनाअखेरीस मी तक्ता मागवला, तर एकाचीही एक दिवस गैरहजेरी नाही. इतकी नेकी बघून मला बरं वाटलं. तक्ता घरी आणला. सुमन माझे आकडे नेहमी तपासायची. ती गणिताची शिक्षिका, आणि माझ्या बेरजांवर तिचा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून विश्वास नव्हता. तिनं तक्ता हातात घेतला आणि विचारलं, "अहो, हा महिना कुठला?"

"नोव्हेंबर."

"मग ही पोरं एकतिसाव्या दिवशी कुठे बसली अभ्यासाला?"

छापील तक्त्यावर रकाने एकतीस होते. पोरांनी पहिल्याच संध्याकाळी एका बैठकीत सगळ्या महिन्याच्या सह्या उरकल्या होत्या आणि रकाने संपेपर्यंत पेन उचललं नव्हतं. घोडेगावच्या कारभाऱ्याला मी म्हटलं, "तीस दिवसांच्या महिन्यात एकतीस दिवस अभ्यास करणारी तुमचीच शाखा." तो म्हणाला, "सर, जादा झाला तर चालंल ना?"

मंचरला स्वयंपाकाच्या मावशींनी माझं अर्धं काम अंगावर घेतलं होतं. अभ्यासाच्या वेळेत सगळ्यांचे फोन त्यांच्या भाकरीच्या टोपलीत पडल्याशिवाय त्या तवा चुलीवर ठेवत नसत. "आधी फोन, मंग भाकर," म्हणायच्या. एकदा एकानं जुना बिघडलेला फोन टोपलीत टाकला. मावशींनी त्याला रात्रभर भिजवलेली मटकी नुसती कच्ची वाढली. "तुजा फोन चालंना, माजी चूल चालंना," म्हणाल्या. मंचरची शाखा कधी देखरेखीत गेली नाही.

आता आळेफाटा. फाट्यावरची शाखा म्हणजे चारी बाजूंनी ट्रक, गॅरेजं, हॉटेलं आणि नाशिक-नगरच्या गाड्यांचे हॉर्न. तिथे चोवीस कॉट, म्हणून पटावर चोवीस नावं. ही शाखा लागोपाठ दोनदा खाली गेली होती. तिसरा निकाल यायचा होता. कारभारी होता किरण, राजुरीच्या बागायतदार घरचा, हुशार आणि जबाबदार. त्याच्या जोडीला दिलेला मुलगा म्हणजे दादू, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याचं पहिल्या वर्षाचं गणित अजून राहिलेलं होतं. दादूच्या घरी मेंढरं होती. दिवाळीनंतर घरचे मेंढरं घेऊन उसाच्या मोकळ्या रानांतून फिरत, आणि माणूस कमी पडलं की दादूला बोलावणं येई. वर्ग बुडत, गणित मागे राही.

तिसरा निकाल आला आणि आळेफाटा कॉलेजच्या सरासरीच्या वर निघाला. मला इतका आनंद झाला की बैठकीत सहाही शाखांसमोर मी ती सरासरी दोनदा वाचून दाखवली. मनात आलं की जिद्दीनं काय होतं ते फाट्याकडून शिका म्हणावं, आणि तसं म्हणालोही. किरण खाली बघत होता. मला तो विनय वाटला.

घरी आल्यावर कागद नेहमीप्रमाणे सुमनसमोर ठेवला. तिनं बेरीज केली, भागाकार केला, आणि पेन्सिल थांबली.

"मागच्या वेळी चोवीसनं भागलं होतं. आता तेवीसनं का?"

"एक जण सोडून गेला असेल."

"कोण?"

मी पट उघडला. दादू.

"विचारलंत का, का गेला?"

मी विचारलं नव्हतं. पटावर नाव नसेल तर गुण आणायचे नाहीत, हा माझाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी मी आळेफाट्याला गेलो. किरणनं चहा मागवला आणि कप हातात धरून बसला. मग म्हणाला, "सर, आमी हाकललं न्हाई त्याला. खरंच न्हाई. परीक्षेच्या आधी सगळे बसलो व्हतो. हिशोब मांडला. दादूला धरलं की शाखा खाली जाती, न्हाई धरलं की वर येती. तोच म्हणाला, मंग मी जातो."

"आणि तुम्ही जाऊ दिलं?"

"तसंच न्हाई जाऊ दिलं, सर. निरोप समारंभ केला. शाल दिली, नारळ दिला, हार घातला. मी भाषण केलं. त्यानंबी केलं."

"काय म्हणाला?"

किरणनं कप खाली ठेवला. "म्हणाला, शाखेनं मला लई दिलं. मी शाखेला हे देतो."

मी या भागात इतकी वर्षं काढली, इतके सत्कार पाहिले, पण सत्कार करून कुणाला घराबाहेर काढलेलं प्रथमच ऐकलं. वाईट असं त्यात कुणीच नव्हतं. तेवीस जणांना एकत्र राहायचं होतं आणि चोविसाव्यालाही तेच हवं होतं. आकडा मी मागितला होता, तो त्यांनी मला आणून दिला.

घरी येऊन मी तोवरच्या सगळ्या वर्षांचे पट काढले. परीक्षेच्या तोंडावर कमी झालेली अशी सात नावं सापडली. एकाचंही कारण मी लिहिलेलं नव्हतं. त्यातल्या दोघांचा पुढे पत्ता लागला, पाच जणांचा नाही.

सुमन म्हणाली, "त्या पोराकडे कधी जायचं?" जायचं का, असं तिनं विचारलं नाही.

मेंढरं पारगावच्या बाजूला, तोडणी झालेल्या एका रानात बसवली होती. कारखाना चालू होता, रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. दादू मेंढरांभोवती लावायची जाळी ओढत होता. आम्हाला बघून तो थबकला. त्याचे वडील मात्र पुढे आले, घोंगडी झटकून अंथरली. "या सर, या बाई. बसा. पोराचा सत्कार केला तुमी लोकांनी, लई बरं वाटलं. आमाला ठावं न्हवतं येवढा हुशार हाय. मी मेंढरांच्या वाड्यावरच्या समद्यांना साखर वाटली."

दादूनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. तो जाळीची दोरी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

सुमन घोंगडीवर मांडी घालून बसली आणि सहज म्हणाली, "सत्कार जरा आधीच झाला, बाबा. पास व्हायचाय अजून."

म्हाताऱ्याला क्षणभर कळलं नाही. मग तो मोठ्यानं हसला. "म्हंजी उचल घेतली व्हय रं आधीच?"

"आता फेडायची म्हणून न्यायला आलोय," सुमन म्हणाली.

दादू हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, भाषण केलंय मी. आता परत कसा येऊ? पोरं हसत्याल."

"हसू दे. परीक्षा दिलीस का?"

"दिली. हितून गाडीनं जाऊन दिली. गणित ऱ्हायलं."

"शाल कुठाय?"

त्यानं मान वळवली. दोन दिवसांचं एक कोकरू टोपलीत शाल गुंडाळून निजलं होतं. नारळ तसाच होता, फडक्यात बांधून ठेवलेला. म्हातारा म्हणाला, "देवाला वाढवायचा व्हता."

"ठेवा अजून थोडे दिवस," सुमन म्हणाली. "गणित सुटलं की वाढवा."

मेंढरांना दुसऱ्या माणसाची सोय होईपर्यंत आठवडा गेला. मग दादू ट्रंक घेऊन शाखेत परत आला. शाल कोकराकडेच राहिली.

पण दादूला पटावर धरलं की आळेफाट्याची सरासरी खाली जात होती. तिसऱ्यांदा. म्हणजे कुलूप. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून मंडळासमोर ठेवले आणि नियमात एक ओळ घालायला सांगितली, की सहामाहीच्या पहिल्या दिवशी पटावर असलेलं प्रत्येक नाव शेवटपर्यंत मोजायचं, मग तो भाऊ राहो वा जावो. आमचे अध्यक्ष जमीनजुमला असलेले जुने गृहस्थ, सरळ बोलणारे. म्हणाले, "काय राव, वर आलेली शाखा तुमीच खाली वढायला निघाला?"

आदल्या दिवशी सुमन मला म्हणाली होती, "प्रत्येक कच्च्या पोराला जोडीदार आहे. शाखा कच्ची पडली तर तिच्या जोडीला कोण?" मी तेच मंडळासमोर म्हटलं. आळेफाटा शाखेच्या जोडीला मी राहतो. शाखा पडली तर पुकारताना माझंही नाव पुकारा, मी उभा राहीन.

बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की ती ओळ नियमात घालायची आणि आळेफाट्याचे पुढचे तीन निकाल ओळीनं वर आले पाहिजेत. एक जरी चुकला तरी कुलूप. पाच शाखांत मिळून तेव्हा नऊच कॉट मोकळ्या होत्या. बाकीच्या पंधरा जणांना कुठेच जागा नव्हती.

जोडीदार म्हणून मी काय शिकवणार होतो? माझ्याबरोबर सुमन आली. दर मंगळवारी नारायणगावहून एसटीनं आळेफाटा, तीन ते पाच गणित. दादूच्या वहीची उजवी पानं ती लिहू लागली. तिची लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. चुकलेल्या पायरीवर ती काट मारत नसे. चूक जिथे झाली त्याच्या आधीच्या पायरीखाली बारीक रेघ ओढायची आणि लिहायची, 'इथपर्यंत बरोबर.' महिन्याभरात सगळ्यांनाच तशी रेघ हवी झाली आणि तास चोवीस जणांचा झाला.

शाखेत सगळ्यांना भाऊ म्हणायचं हा नियम, म्हणून पोरं तिला मॅडमभाऊ म्हणू लागली. ती रागवायची नाही. एका मंगळवारी पट उघडून बघतो तर चोवीस नावांच्या खाली पंचविसाव्या ओळीवर दादूच्या अक्षरात लिहिलेलं: मॅडमभाऊ, गणित. दर वर्षी नवा पट झाला तरी ती ओळ तशीच उतरवली जाई.

पहिला निकाल थोडक्यात वर आला. दादूचं जुनं गणित सुटलं. त्याच्या वडिलांनी नारळ वाढवला आणि आमच्याकडे वाटी पाठवली. आत वाळून गोटा झाला होता, चांगला गोड लागला. किरण पदवी घेऊन गेला. त्याच्या जागी पोरांनी कारभारी निवडला तो दादूला. दुसरा निकाल आणखी वर गेला. तिसरा निकाल वैशाखातल्या परीक्षेचा यायचा होता, आणि चैत्रात सुमन गेली.

त्यानंतर मी आळेफाट्याला गेलो नाही. मंगळवारी एसटी स्टँडपर्यंत जाऊन दोनदा परत आलो. पोरांनी परीक्षा आपली आपण दिली.

आषाढात एका दुपारी दादू घरी आला. बरोबर शाखेतला दुसऱ्या वर्षाचा आणखी एक भाऊ होता. दादूच्या हातात गुणांची यादी आणि पट. दारातच त्यानं चपला नीट लावून ठेवल्या, आत येऊन बसला, तिच्या फोटोकडे बघितलं नाही.

"सर, निकाल आला. आमी सरासरी काढली न्हाई."

"का?"

"मॅडम काढायच्या ना. आता तुमी काढा. तुमी सांगाल ते खरं."

मी तिचीच पेन्सिल घेतली. बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तेराशे दहा आली, हे माझ्या बाबतीत नवल. मग पटावर पेन्सिलीचं टोक ठेवून वरपासून खालपर्यंत नावं मोजली आणि भागलं. बावन्न पूर्णांक चार. कॉलेजची सरासरी होती साडेत्रेपन्न.

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. लहान भाऊ रडायच्या बेतात आला. मी मनात मोकळ्या कॉट मोजू लागलो. मंडळासमोर उभं राहताना काय बोलायचं तेही ठरवू लागलो. तिचा एका वर्षाहून जास्त काळ तिथे गेला होता, आणि मी तिच्यामागे तीन महिन्यांत कुलूप लावणार होतो.

दादूनं पट स्वतःकडे ओढला. बोट ठेवून एकेक नाव मोजत खाली आला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"सर," तो म्हणाला, "मॅडमचं नाव मोजलंय तुमी."

मी बघितलं. पंचवीस मोजले होते. आधीच्या दोन्ही वेळा आकडेमोड तिची होती. ती स्वतःला आपोआप वगळायची. मला ते सुचलंच नाही. ती ओळ माझ्या डोळ्यांना वेगळी दिसलीच नव्हती.

चोवीसनं भागायचं एवढंच होतं. पण पेन्सिल चालेना. ज्या पटावरून नाव कमी करू नका म्हणून मी मंडळाशी भांडलो, त्याच पटावरून हे नाव कमी केल्याशिवाय शाखा वर येत नव्हती. मी म्हणालो, "दादू, नियम माझाच आहे. पहिल्या दिवशी पटावर असलेलं नाव शेवटपर्यंत मोजायचं. भाऊ राहो वा जावो."

"नियम परीक्षेला बसणाऱ्याचा हाय, सर," दादू म्हणाला. "मॅडम कुठं परीक्षेला बसत व्हत्या? त्या तर घ्यायच्या."

चैत्रापासून मी प्रथमच हसलो. हसता हसता रडू आलं. दादूनं लहान भावाला पाणी आणायला आत पाठवलं आणि तोवर खिडकीबाहेर बघत बसला.

मग त्यानं माझ्या हातातली पेन्सिल अलगद घेतली. "नाव खोडायचं न्हाई. ते ऱ्हाऊ द्या. निस्तं भागताना धरायचं न्हाई." आणि त्यानं तेराशे दहाला चोवीसनं भागलं. चोपन्न पूर्णांक अठ्ठावन्न आले. त्याच्या खाली त्यानं बारीक रेघ ओढली.

तो कागद मी मंडळाकडे पाठवला आणि त्याबरोबर कामातून मोकळं करण्याची चिठ्ठी. आता नवा तपासनीस आला आहे, तरुण आहे, सरासरी संगणकावर काढतो. त्याला मी एवढंच सांगितलं आहे की भागण्याआधी नावं मोज आणि एखादं कमी असेल तर जाऊन विचार.

दादू पुढचं शिकतो आहे. मंगळवारी दुपारी आळेफाट्याला येऊन गणित घेतो. मीही जातो, मागच्या बाकावर बसतो. शाखा चालू आहे. पटावर पंचवीस नावं आहेत. भागायचं चोवीसनं.